यंदा ईस्टर आमच्याकडे

दि. १६ मार्च

प्रिय अक्का,

सप्रेम सलाम.

तुमचं निमंत्रणाचं कार्ड परवा मिळालं. नेहमीसारखंच वळणदार अक्षर, कडेला जांभळी फुलं आणि तळाशी ते वाक्य, 'उत्तर लेखी कळवावे'. म्हणून हे पत्र. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग मी माझ्या नणंदेशी बोलतेय की तिच्या अख्ख्या दिवाणखान्याशी, हेच मला समजत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या बाळची, म्हणजे यांची, तब्येत ठणठणीत. नोकरी संपली तरी लिफ्ट तपासायची खोड काही गेलेली नाही. कुणाच्याही इमारतीत गेलो की हे लिफ्टमध्ये कान लावून उभे राहतात आणि बाहेर पडताना वॉचमनला सांगतात, "वरच्या चाकाला ग्रीस हवंय." त्या बिचाऱ्याने काही विचारलेलं नसतं. माझं शिवणकाम चालू आहे. एका नाट्यगृहाच्या पडद्यांचं काम आलंय. कापड इतकं जड आहे की मी मशीनवर बसते आणि हे मागे उभं राहून त्याचा भार सांभाळतात. गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

गुडघ्यावरून आठवलं. यंदा ईस्टरला मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही.

म्हणजे गुडघ्यामुळे नाही. तुमच्याकडे लिफ्ट आहे आणि ती तुमच्या भावानेच पास केलेली आहे, तेव्हा ते कारण मलाच पटत नाही. पडद्यांचं कारण देता आलं असतं, पण ते मे महिन्यात द्यायचेत. खरी गोष्ट अशी, की यंदा मला माझ्या घरी ईस्टर करायचाय. लग्न झाल्यापासून एकदाही केलेला नाही.

तुम्ही नाक मुरडाल म्हणून आधीच सांगते, जेवण नाही, ब्रंच. आमच्या खालच्या मजल्यावर दातांची डॉक्टर राहते, तिने हा शब्द माझ्या डोक्यात घातला. सकाळची उपासना आटोपून ज्याला जेव्हा यायचं तेव्हा त्याने यावं, दहाच्या पुढे कधीही. उशिरा उठणाऱ्याची ती न्याहारी आणि भूक न आवरणाऱ्याचं ते जेवण. मी माझं कापड कापायचं टेबल रिकामं करणार आहे. त्यावर खडूच्या खुणा आहेत, त्या पुसायच्याही भानगडीत पडणार नाही. पावाचे तुकडे आदल्या संध्याकाळी दूध-अंड्यांत भिजवून ठेवायचे, वर चीज किसायचं, सकाळी ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. बटाटे सालासकट भाजायचे. फळं, लोणी, जॅम, एक लिंबाचा केक. चहा-कॉफीची किटली शेगडीवर राहील, ज्याची त्याने ओतून घ्यायची. खुर्च्या कमी पडल्या तर उशा आहेत, त्यांचा माझ्याकडे तोटा नाही.

तुमच्या जेवणाला मी नावं ठेवत नाही. ठोक्याला एक वाजता सूप, इस्त्रीचे रुमाल, तुम्ही चमचा खाली ठेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मुख्याध्यापिकेच्या घरी दुसरं काय असणार, असं आम्ही सगळे मागून म्हणतो, आता पुढून म्हटलं. आणि ती अंडी. पवित्र आठवड्यात बसून तुम्ही घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं अंडं रंगवता, आणि ज्याचं अंडं जिथे, तिथे त्याने बसायचं. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला माझं नाव हिरव्या रंगात लिहिलेलं बघून मी घरी आल्यावर रडले होते. आनंदाने. वाटलं, आता आपण या घरच्या झालो. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडेही अंडी असतील, पण नुसती उकडलेली, टोपलीत. ज्याला हवं त्याने उचलावं.

तुम्ही यावं, भाऊजी-जाऊबाईंनी मुलांना घेऊन यावं. घरातल्या कपड्यांत आलात तरी चालेल. आलात तर मला फार बरं वाटेल, हे मनापासून लिहितेय.

तुमची भावजय

ता. क. ठकी शनिवारी संध्याकाळी येतेय. गुरुवारपर्यंत राहील. हे वर लिहायला हवं होतं, पण मग तुम्ही पुढचं वाचलं नसतं.


दि. २७ मार्च

अक्का,

सलाम.

तुमचं उत्तर मिळालं. तुम्ही लाल शाई वापरायचं सोडून किती वर्षं झाली, पण मला प्रत्येक ओळ लालच दिसली.

ते पत्र आलं त्याच दिवशी यांना तुमचा वेगळा फोनही आला. हे गॅलरीत जाऊन बोलले. परत आले तेव्हा शाळेतून तक्रार घेऊन आलेल्या मुलासारखा चेहरा होता. म्हणाले, "मी अक्काकडे जाईन. तू इथलं बघ. दोन्हीकडे आपलं कुणीतरी हवं." मी म्हटलं, "इथे तुमची मुलगी येतेय." तर म्हणाले, "तिला सांग, मी संध्याकाळी भेटेन."

तर तुमचा भाऊ तुमच्याकडे येईल. मी त्यांना अडवणार नाही, रुसणार नाही, कोट मीच इस्त्री करून देईन. आई गेल्यावर तुम्ही दोन्ही भावांना वाढवलंत, स्वतःचं लग्न बाजूला ठेवलंत, हे मी विसरलेले नाही आणि हेही विसरत नाहीत. पण एवढंच सांगते, की मला त्या दिवशी हे घरी हवे आहेत. टेबलावर काय आहे आणि कोण कोण आलंय याच्याशी मला काही देणंघेणं नाही. बापाने लेकीच्या समोर बसून चार घास खावेत एवढ्यासाठी मी हा सगळा घाट घातलाय. ब्रंचचं कौतुक मला कसलं असणार, मी सकाळी पाव आणि चहा घेणारी बाई.

तुम्ही लिहिलंत, 'त्या मुलीला या घरात कुणीही मनाई केलेली नाही.'

अक्का, दोन वर्षांपूर्वीचा ईस्टर आठवा. ठकी नवऱ्याला सोडून आली त्याला तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते. ती आमच्याबरोबर तुमच्याकडे आली, नवी चप्पल घालून, तुमच्यासाठी साबणाचा डबा घेऊन. टेबलावर सगळ्यांची अंडी होती. माझं, यांचं, भाऊजींचं, जाऊबाईंचं, मुलांचं. जावयाचंही होतं, आणि त्या अंड्यामागे जावई बसलेलाही होता. ठकीचं नव्हतं. ती खुर्च्यांच्या मागून एक चक्कर मारून आली. तिला वाटलं, आपल्याला दिसलं नसेल. मग तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तिला सांग, तिचं ताट स्वयंपाकघरात मांडलंय."

ती तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी तिला काही सांगायची गरजच पडली नाही. ती साबणाचा डबा खुर्चीवर ठेवून निघून गेली. गेल्या वर्षी मी पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिले. यंदा पोट चांगलं आहे.

आता ते दुसरं. तुम्ही विचारलंत, 'त्याने असं केलं तरी काय?' तो तुमचा आवडता विद्यार्थी, स्थळ तुम्हीच सुचवलेलं, चर्चमध्ये गातो, तुमचा टीव्ही नीट करून देतो, वाढदिवसाला फुलं आणतो. दारू पीत नाही. हात उगारला नाही. सगळं कबूल. आजवर मी तुम्हाला 'पटलं नाही' एवढंच सांगत आले, कारण ठकीने मला शपथ घातली होती. गेल्या रविवारी मी तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही, आई. आता मला लाज वाटत नाही."

ती सोडून येण्याच्या आदल्या वर्षी मी त्यांच्या घरचे पडदे शिवायला आठवडाभर त्यांच्याकडे राहिले होते. जावई माझ्याशी इतका गोड, की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. "आई, तुमच्या हातच्या चहाची सर कशाला नाही." तिसऱ्या दिवशी जेवताना तो मला म्हणाला, "आई, तिला सांगा, उद्या मला यायला उशीर होईल." ठकी तेव्हा त्याच्याच ताटात वाढत होती. मी हसले. म्हटलं, नवराबायकोचा लटका रुसवा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, "आई, तिला विचारा, माझा निळा शर्ट कुठे ठेवलाय." शर्ट तिच्या हातात होता. तिने तो माझ्याकडे दिला आणि मी त्याला दिला, आणि मग मला काहीतरी कळायला लागलं.

स्वयंपाकघरात तिला विचारलं, "भांडलात का गं?" ती म्हणाली, "नाही." "मग किती दिवस चाललंय हे?" "नाताळपासून." तेव्हा ऑगस्ट होता, अक्का.

कारण विचाराल तर, नाताळात त्याच्या मित्रांसमोर तो कसलासा किस्सा सांगत होता, आणि ही मध्येच म्हणाली, "ते त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी झालं." बस. त्या रात्रीपासून तिच्याशी एक शब्द नाही. तिने माफी मागितली, पत्ते पिसावेत तशी रोज वेगवेगळी करून मागितली, तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. मी गेले तेव्हा घरात तिसरं माणूस आलं म्हणून निरोप तरी सुरू झाले. एरवी तेही नव्हते. ती मला म्हणाली, "आई, मी फ्रिजशी बोलते. उघडला की म्हणते, काय रे, दूध आहे का." आणि हसली. लहान मुलांना पोहायला शिकवणारी माझी मुलगी, जिची हाक तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाते, ती त्या घरात माझ्याशी कुजबुजत बोलत होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, त्याने काहीच केलं नाही. तेच तर मी सांगतेय.

हे सगळं मी यांनाही सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अबोला कुणाच्या घरात नसतो? आणि तो तर किती बोलका मुलगा आहे." त्यांना हे खरं वाटतच नाही. लिफ्टचा आवाज आला तर दोष कुठे ते यांना कळतं. आवाजच नाही म्हटल्यावर यांच्या लेखी सगळं सुरळीत. आणि गेली दोन वर्षं हेही तेच करतायत. फोन मी लावायचा, हे शेजारी बसून म्हणणार, "तिला विचार, जेवली का. तिला सांग, थंडी आहे, स्वेटर घाल." फोन पुढे केला की हात झटकणार.

मी शिवणकाम करते, टपाल वाटत नाही. पण या कुटुंबाने मला तेच काम लावलंय.

तुम्ही शेवटी लिहिलंत की मी हट्टाने वागले तर पुढल्या वर्षीपासून माझंही अंडं रंगवणार नाही. नका रंगवू. मी हे रागाने लिहीत नाहीय, किंवा रागानेच लिहितेय, तुम्हाला हवं तसं वाचा. ज्या टेबलावर माझ्या मुलीची जागा नाही तिथे माझी जागा राखून ठेवायची काही गरज नाही.

रविवारी दहाच्या पुढे. दार लावलेलं नसेल. तुम्हाला बोलावणं अजून आहे.

तुमच्या भावाची बायको


सोमवार, दि. ६ एप्रिल

अक्का,

काल तुमच्या टेबलाशी जे झालं ते तुम्ही पाहिलंत, आमच्याकडे जे झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. म्हणून आधी आमच्याकडचं लिहिते.

शनिवारी ठकी आली. केस अगदी बारीक कापलेत, तुम्हाला आवडणार नाहीत. खांदे रुंद झालेत. आल्या आल्या तिने माझ्याबरोबर पाव कापायला घेतला आणि तुकडे असे काही केले की मी म्हटलं, हे पाव आहेत की विटा. हे दारात उभं राहून बघत होते. मला म्हणाले, "तिला विचार, प्रवास कसा झाला." ठकीने मान वर केली नाही. म्हणाली, "चांगला झाला," पण पावाला सांगितल्यासारखं.

रविवारी उपासनेहून आल्यावर ठकी पुन्हा झोपली. मी ओव्हन लावला, टेबलावर तुमच्याकडून लग्नात मिळालेली पांढरी चादर घातली, तीही खडूच्या खुणांवरच. तुमचं सूप एकला, तरी सव्वादहालाच हे कोट घालून तयार. टाय मीच नीट केला. जिन्याकडे जाताना ठकीच्या खोलीच्या बंद दारासमोर क्षणभर थांबले. मला वाटलं, आता कोट काढतील. नाही काढला. मी गॅलरीतून बघत राहिले, कोपऱ्यावर वळेपर्यंत. वळून पाहिलंत तर याद राखा, असंही मनात म्हटलं, आणि वळून बघावं म्हणून जीवही तुटला. नाही बघितलं. ठकी केव्हा मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. ती म्हणाली, "आई, बटाटे जळतायत."

बटाटे थोडे जळले. कुणाला काही फरक पडला नाही. खालची डॉक्टर आली, चक्क गाऊनवर, केसांना पिना लावून, हातात जॅमची बरणी. तिची म्हातारी आई आली, तिने तीनदा केक घेतला आणि प्रत्येक वेळी "हा पहिलाच" असं सांगितलं. आणि अकराच्या सुमाराला जाऊबाई मुलांना घेऊन हजर. तुम्हाला त्यांनी ताप असल्याचं कळवलं होतं ना? कुणालाही ताप नव्हता. त्या आल्या त्या थेट ठकीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी दोन वर्षं मूग गिळून बसले, माझ्यावर रागाव." ठकी म्हणाली, "आधी खा, काकू, मग रागावते." भाऊजी तुमच्याकडे गेले होते, त्यांचं तेवढं धाडस झालं नाही. त्यांच्यावर मी राग धरत नाही. धरणारही होते, पण एवढी माणसं आल्यावर वेळ मिळाला नाही.

उशांवर, खिडकीत, माझ्या मशीनच्या स्टुलावर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसली होती. मुलांनी नाट्यगृहाच्या पडद्यात लपाछपी खेळून घेतली. मी ओरडले, पण मनापासून नाही. ठकी मोठ्याने बोलत होती. नुसती बोलत नव्हती, तलावावरच्या आवाजात बोलत होती, एका मुलाने पाण्यात उडी मारायच्या आधी तिच्याकडून कसली कसली वचनं घेतली ते सांगत होती, आणि डॉक्टरची आई कान झाकून हसत होती. मला वाटलं, झालं, सगळं आहे. फक्त टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मी खुर्ची ठेवली होती तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी कुणालाही बसू नका म्हटलं नव्हतं.

आता तुमच्याकडचं. तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. पण हे जे सांगतात ते नेहमी निम्मं असतं, म्हणून लिहून ठेवते, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

हे म्हणाले, सूप झालं. जावई नेहमीसारखा रंगात होता, गाण्याच्या तालमीचे किस्से, सगळे हसत होते. यांनाही हसू आलं. मग म्हणे यांना काय वाटलं कोण जाणे, हसता हसता त्याला विचारलं. भांडणाच्या सुरात नाही, यांना तो सूर येतच नाही. विचारलं, "तू माझ्या मुलीशी वर्षभर बोलला नाहीस, हे खरं आहे का रे?"

यांना वाटत होतं, तो म्हणेल, छे हो बाबा, कोण म्हणतं. यांना तेच ऐकायचं होतं, अक्का. तेवढं ऐकून हे सुखाने जेवले असते आणि घरी येऊन मला वेड्यात काढलं असतं.

तो हसला. रुमालाने तोंड टिपलं. आणि मान तुमच्याकडे वळवून म्हणाला, "आत्या, बाबांना सांगा ना, सणाच्या दिवशी असले विषय कशाला."

हे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होते. कोपराला कोपर लागत होतं. हे म्हणाले, "मी इथेच आहे. मला सांग."

त्यावर तो पुन्हा तुम्हालाच म्हणाला, "आत्या, बाबांना विचारा, बटाटे हवेत का."

मला हे सांगताना म्हणाले, "मी तिथे होतो गं. मी समोर बसलो होतो, आणि मी नव्हतोच." मग म्हणाले, "मला दोन मिनिटं सहन झालं नाही."  

हे उठले. तुमच्या टेबलावरून, तुमचा चमचा खाली ठेवलेला नसताना, तुमचा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा उठला. यांनी सांगितलं की तुमच्या हातात बटाट्यांचं भांडं होतं आणि ते तुम्ही कुणालाच वाढलं नाहीत.

दोनच्या सुमाराला हे घरी आले. टाय खिशात. दारात उभे राहिले. सगळ्यांनी बघितलं, डॉक्टरची आई सोडून, ती केक घेत होती. हे माझ्याकडे बघायला लागले, सवयीने, आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, तिला सांग. मी मुद्दाम पाठ फिरवली आणि किटली धुवायला घेतली. स्वच्छ होती, तरी धुतली.

मागून आवाज आला, "ठके."

मी नळ बंद केला.

"ठके, मला वाढ काहीतरी. मी जेवलो नाहीये."

तिने वाढलं. ट्रेच्या कोपऱ्यातला करपलेला भाग यांना आवडतो, तो खरवडून काढून दिला. हे त्या खुर्चीवर बसले आणि कोट न काढता खायला लागले, आणि खाता खाता रडले, आणि ती म्हणाली, "बाबा, बेताने, पाव आहे तो, विटा नाहीत." मग ते दोघं बोलत बसले. काय बोलले ते मला माहीत नाही, मी ऐकलं नाही. मुलं घरी गेली, डॉक्टर गेली, तिची आई खुर्चीत झोपली, तरी त्यांचं चाललं होतं.

तुम्ही म्हणाल, झालं ना तुझ्या मनासारखं. हो, झालं. मी गोड बोलून ते लपवणार नाही.

आता शेवटचं. हे निघाले तेव्हा तुम्ही यांच्यामागे लिफ्टपर्यंत आलात, हेही यांनी सांगितलं.  आणि लिफ्टचं दार लागताना तुम्ही म्हणालात, "बाळ, ठकीला सांग, आत्याचं चुकलं." यांनी ते घरी येऊन मला स्वयंपाकघरात सांगितलं आणि विचारलं, "सांगू का तिला?"

मी म्हटलं, नाही.

ते शब्द तोंडून काढणं तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं, अक्का. तुम्ही शाळेतसुद्धा कधी कुणाला ते म्हणाला नसाल. ते खरे आहेत यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच मी ते अडवून ठेवलेत. यांनी ते तिला सांगितलेले नाहीत, मीही सांगणार नाही. या मुलीने तिच्या वाट्याचं प्रत्येक बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय. हे तरी तसं ऐकायचं नाही.

ती गुरुवारपर्यंत आहे. सकाळी ती आणि तिचे बाबा चहा घेत गॅलरीत बसलेले असतील. मी आत मशीनवर असेन.

ठकीची आई